हार्ड डिस्कची निगा कशी राखावी

घरातले फोटो, सातबाराचे उतारे, विम्याचे कागद आणि वडिलांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे एकाच हार्ड डिस्कवर ठेवावीत. दुसरी प्रत काढणे हा त्या डिस्कचा अपमान आहे.

1 टेराबाइटच्या डिस्कवर संगणक 931 जीबीच दाखवतो, म्हणून दुकानदाराशी अवश्य भांडावे. कंपनी हजाराने मोजते आणि संगणक 1024 ने, हे मुळीच ऐकून घेऊ नये.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क असेल, तर ती लग्नाच्या शालूखाली घडी घालून पाच-सहा वर्षे विसरावी. तिच्यातली माहिती म्हणजे कोंडून ठेवलेला विजेचा भार असतो, वीज मिळाली नाही तर तो हळूहळू झिरपतो, आणि उन्हाने त्याला घाई होते. त्या कामी आपला नागपूरचा मे महिना पुरेसा समर्थ आहे.

डिस्क टक-टक वाजू लागली, की ती तत्काळ बंद न करता पुन्हा पुन्हा जोडून पाहावी आणि मग बर्डीच्या बाजारातल्या एखाद्या हुशार कारागिराकडे न्यावी. गेल्या महिन्यात मी नेली. त्याने गिऱ्हाइकांच्या गर्दीत, फिरत्या पंख्याखाली, शेजारी चहाचा ग्लास असताना स्क्रूड्रायव्हरने झाकण उघडले आणि चकचकीत तबकडीवर फुंकर मारली! माहिती वाचणारे यंत्राचे डोके त्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते, धुळीचा साधा कण त्याच्यापुढे डोंगराएवढा असतो, म्हणून हे काम धूळविरहित खोलीतच करायचे असते. आणि हा गृहस्थ फुंकर मारतो, वर ‘तपासणी शुल्क’ घेतो, आणि मी ते मुकाट्याने देतो.

वडिलांचा आवाज त्या तबकडीवर होता. दुसरीकडे कुठेही नव्हता.

आयबीएमच्या 1956 सालच्या पहिल्या डिस्क यंत्रात 50 तबकड्या मिळून 50 लाख अक्षरे मावत. आज तळहातावरच्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पटींनी मावते. पण मावणे वेगळे आणि टिकणे वेगळे. हमीपत्र नीट वाचा: मुदतीत बिघडलेली डिस्क बदलून मिळते, आतली माहिती नाही. मंगल कार्यालयावर लाखो उधळता आणि दुसरी डिस्क घेऊन ती भावाच्या घरी ठेवायची म्हटले, की तुमचा हात आखडतो. माझाही आखडला होता, म्हणूनच हे ओरडून सांगतो आहे. काल चुलतभावाला हे सारे सांगितले. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि त्याचे सगळे फोटो असलेला एकमेव पेनड्राइव्ह दाखवला, स्कूटरच्या किल्लीला अडकवलेला.