इथे कोणी राहत नाही!

संकष्टीच्या दिवशी डेटाबेसला हात लावू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. म्हणून साबुदाण्याच्या खिचडीच्या अंमलाखाली मी दुपारी आमच्या डेटाबेसची, म्हणजे पोस्टग्रेसची, नवी आवृत्ती टाकली, सगळा डेटा तिच्यात ओतला, नोंदी मोजल्या आणि जुनी काढून टाकली. रात्री आठला ज्युनिअरचा फोन. "सर, अ‍ॅप बंद पडलंय. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणतंय."

सर्व्हरला पिंग केलं तर पठ्ठ्या लगेच ओ देतोय. स्टेटस विचारलं तर हिरव्या अक्षरांत 'चालू'. म्हणजे वाडा जागेवर, दिंडी उघडी, फक्त ५४३२ नंबरची खोली, म्हणजे पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट, वाजवली की मालक खेकसतो, "इथे कोणी राहत नाही!"

घरात काही बिघडलं की दोष सुनेचा आणि सर्व्हरवर बिघडलं की फायरवॉलचा. खरं तर फायरवॉल बहुतेकदा घुम्यासारखी अडवते. आपण ताटकळायचं आणि शेवटी टाइमआउट. इथे नकार डोळ्याचं पातं लवायच्या आत येत होता. इतका तत्पर नकार मला फक्त सुट्टे मागितल्यावर मिळालाय. तरीही फायरवॉल बंद करून पाहिली. पासवर्डही बदलला. दारच उघडत नाही आणि मी आत गेल्यावर काय नेसायचं ते ठरवतोय! मग तीनदा रिस्टार्ट, एकदा अथर्वशीर्ष.

"अरे, चंद्र उगवला! मोदक गार होतायत."

"आलो, पाच मिनिटं."

ही पाच मिनिटं आईने आधीही पाहिली आहेत. तिने गॅस बंद केला.

शेवटी, जे पहिल्या मिनिटाला करायचं ते दीड तासाने केलं: कुठल्या पोर्टवर कोण बसलंय, ते पाहिलं. पोस्टग्रेसबाई ५४३३ मध्ये निवांत! नवी आवृत्ती टाकली तेव्हा जुनी ५४३२ अडवून बसलेली, म्हणून सर्व्हरवरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमने नवीला शेजारची खोली दिली. पुढे जुनीला मी हाकललं, पण नवीचं बिऱ्हाड हलवायचं राहिलं. अ‍ॅप बिचारं जुन्याच पत्त्यावर कडी वाजवतंय.

तीनाचा दोन केला. रिस्टार्ट.

"सर, चाललं! काय झालं होतं?"

"नेटवर्कचं काहीतरी," मी म्हणालो आणि पुढे बोलावं लागू नये म्हणून अख्खा मोदक तोंडात कोंबला.