दाजीपूरचे गवे माणसाळलेले नाहीत

'दाजीपुरात गवे आता माणसाळलेत, गाडीतून उतरा, केळी भरवा, शेजारी उभं राहून फोटो काढा' हा मेसेज दोन-तीन दिवस कोल्हापूरच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि सुट्टीच्या तोंडावर धोकादायकही.

दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या काळात हे शिकारीसाठी राखलेलं जंगल होतं. 1958 साली दाजीपूरच्या भागाला संरक्षण मिळालं. इथला गवा पिंजऱ्यातला नाही, कुणाचा पाळीवही नाही. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो म्हणून गोंडस वाटतो खरा, पण पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. तो शांतपणे चरतोय म्हणजे तुम्हाला बोलावतोय असं नाही. नाकातून फुसकारला, मान खाली घालून आडवा उभा राहिला, की मागं सरकायचं. पिल्लू सोबत असेल तर आधीच.

भरवणं तर नकोच. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की गवे गावाकडं, उसाकडं वळतात आणि मग पुढचं भांडण शेतकऱ्याच्या वाट्याला येतं. शिवाय अभयारण्यात प्राण्यांना छेडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा आठवा. माणसांच्या गर्दीनं पळवून पळवून तो दमला आणि शेवटी मेला.

मेसेजमध्ये गव्याला 'बायसन' म्हटलंय, तेही चूकच. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो, आपला तो गवा.

जवळून बघायचाच असेल तर दुर्बीण न्या. पहाटे किंवा उन्हं कलल्यावर, गाईड सांगेल तिथं थांबा.