एका इंजेक्शननं गुडघ्याची गादी उगवत नाही

पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवरून आलाय. "गुडघे बदलू नका, स्टेम सेलचं एकच इंजेक्शन घ्या, तीन महिन्यांत गादी नवी, वय कितीबी असू द्या, साइड इफेक्ट शून्य, सरकारमान्य." मी परभणीत फिजिओथेरपी करतो, दिवसभर गुडघेच बघतो, आणि गंगाखेडकडच्या माझ्या मावशीनं ह्याच मेसेजपायी सोयाबीनचे 45 हजार घातले. म्हणून लिहितोय. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या जातीच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.

"गादी नवी होते." मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरं-निळसर, बोट लावलं की सटकणारं जे असतं ना, तीच गादी, म्हणजे कूर्चा. गुडघ्यात ती साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाड असते अन् तिच्यात रक्तवाहिनीच नाही, त्यामुळं कातडी कापल्यावर जशी भरून येते तशी ही येत नाही. विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरनं 1743 लाच लिहून ठेवलंय की ही एकदा गेली की परत येत नाही. हाडाला बारीक भोकं पाडून आतल्या पेशी वर आणता येतात, पण तिथं भरतं ते बहुतांशी राठ, वेगळ्या जातीचं, मूळ गादीसारखं टिकत नाही.

"एकच इंजेक्शन." दोडक्याचं बी नुसतं फेकून वेल चढतो का, मांडव लागतो की नाही? पेशींचं तसंच आहे. गुडघ्यात मोकळ्या सोडलेल्या पेशी बहुतेक थोड्या दिवसांतच नाहीशा होतात, म्हणून तर शास्त्रज्ञ कोलॅजनचा पडदा, फायब्रिनचं जेल, हायड्रोजेल असले मांडव करत बसलेत, आणि हे काम खरंच मोलाचं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. स्वीडनमध्ये 1994 ला 23 पेशंटचा रिझल्ट छापून आला, त्यांच्याच गादीचा तुकडा काढून लॅबमध्ये पेशी वाढवल्या अन् खड्ड्यात बसवल्या. अमेरिकेत 2016 ला पडद्यावर पेशी वाढवून बसवायच्या पद्धतीला मान्यता मिळाली. कोरियात 2012 पासून नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल जेलमध्ये घालून भरतात. पण ह्या सगळ्यात ऑपरेशन आहे, नंतर कित्येक आठवडे कुबड्या आहेत. एका सुईचा खेळ नाही हा.

"वय कितीबी." नाही. पडदा बसवायचं ऑपरेशन मुख्यतः तरण्या पोरांसाठी आहे, कबड्डीत गुडघा आपटला, एका जागी खड्डा पडला, बाजूची गादी शाबूत आहे, अशांसाठी. मावशीचा एक्सरे मी खिडकीला धरून बघितला तर आतल्या बाजूला गॅपच नव्हता, हाडाला हाड लागलेलं. तिथं मांडव टाकायला जागा कुठंय?

"सरकारमान्य." ह्यात थोडंसं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. 2022 मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी एका स्टेम सेल औषधाला परवानगी दिली, पण ती ग्रेड 2 आणि 3 साठी (ग्रेड म्हणजे एक्सरेवरून ठरवलेली झिजेची पायरी, 4 म्हणजे सगळ्यात जास्त झीज), मावशीसारख्या चौथ्या ग्रेडसाठी नाही. आणि आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या नियमांत स्पष्ट आहे की मान्यता नसलेली स्टेम सेल ट्रीटमेंट ट्रायलच्या बाहेर देऊच नये.

रिझल्टचं म्हणाल तर 2023 मध्ये अमेरिकेतला मोठा ट्रायल नेचर मेडिसिनमध्ये आला, जवळपास 480 लोक, तीन प्रकारच्या पेशी विरुद्ध साधं स्टेरॉइड इंजेक्शन. वर्षभरानं दुखण्यात पेशीवाले काही सरस निघाले नाहीत. साइड इफेक्ट शून्य हे तर सांधा पिकलेला ज्यानं बघितलाय तो कधीच म्हणणार नाही, शुगरवाल्यांनी जास्त जपावं.

आता मावशीचं सांगतो. पेशंटच्याच स्टेम सेल घ्यायच्या तर त्या बहुतेक हाडातल्या मज्जेतून नाहीतर चरबीतून काढतात, म्हणून मी विचारलं, मज्जा कंबरेच्या हाडातून काढली का पोटाची चरबी? ती म्हणाली, नाही रे बाबा, हातातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं अन् टोचलं. म्हणजे ती पीआरपी होती! स्टेम सेल नव्हतंच ते, रक्तातल्या प्लेटलेट होत्या. पावतीवर नुसतं "गुडघा ट्रीटमेंट". मला लई राग आला, तिच्यावर नाही.

तुमच्या घरात कुणी असं इंजेक्शन घ्यायला निघालं असेल तर आधी ग्रेड विचारा, सिरिंजमध्ये नेमकं काय अन् ते कुठून काढणार ते विचारा, लेखी मागा. आणि वजन जास्त असेल तर 1 किलो जरी उतरलं तरी पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोनं कमी होतो. मावशी आता रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबते, दहा आकडे मोजते, सोडते. कापूस वेचणी उरकली की वाटी बदलायचं ऑपरेशन करायचं ठरलंय, त्या पैशाची जुळवाजुळव परत पहिल्यापासून चाललीय.