वही बंद करून शिल्प बघावं का?

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की शिल्प स्वतःच्या बळावर उभं राहिलं पाहिजे. शिल्पकार लुईज बुर्ज्वाच्या डायऱ्या आणि रेखाटनं हा नुसता कच्चा माल आहे आणि तो पुढे करून मी तिच्या कलेचं आत्मचरित्र करून टाकलं.

वडिलांच्या घरातल्या शिक्षिकेशी असलेल्या प्रेमप्रकरणावरून तिच्या प्रत्येक कामाचा उलगडा करणाऱ्यांचा मलाही वैताग येतो. ती हकिकत तिनेच १९८२ मध्ये जाहीर केली, आणि तेव्हापासून अनेकांनी शिल्पाकडे नीट बघणंच सोडलं. इथवर आपलं एकमत आहे. पण कच्चा माल? हे मला अजिबात मान्य नाही.

तिचं १९४७ चं छोटं पुस्तक घ्या. नऊ छापचित्रं आणि प्रत्येकासोबत चार-दोन ओळींची गोष्ट. एका गोष्टीत एक माणूस फार छान किस्सा सांगतो, स्वतः खूश होतो, पण इतक्या भरभर सांगतो की कुणाला काही कळत नाही. चित्रांत मात्र इमारती, शिड्या. माणसांचा जवळजवळ पत्ताच नाही. त्याच काळात ती न्यूयॉर्कला घराच्या गच्चीवर माणसाएवढे लाकडी खांब घडवत होती. १९४९ मध्ये पेरिडॉट गॅलरीत तिने ते चौथऱ्याशिवाय थेट जमिनीवर उभे केले. फ्रान्समध्ये मागे राहिलेली आपली माणसं ती त्यांत बघत होती. गोष्टीत बोलणं पोचत नाही, चित्रात बोलायला कुणी नाही, आणि शिल्पांत सगळे एका खोलीत असूनही सुटे सुटे. एकटेपण तेच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं वेगळंच काहीतरी हाती लागतं. लाकडाला जे जमलं ते शाईला जमलं नसतं, आणि उलटही तितकंच खरं.

जाळं विणणाऱ्या कोळ्याचंही तसंच. शाई आणि कोळशातला तिचा कोळी १९४७ चा, आणि ‘मामाँ’ (फ्रेंचमध्ये ‘आई’) हे कोळ्याचं प्रचंड शिल्प १९९९ चं. पन्नास वर्षं कुणी तयारी करत बसत नाही! मधे १९९५ मध्ये आईवरचं पुस्तक आलं. जुन्या भिंतपटांच्या दुरुस्तीचा कारखाना सांभाळणारी आई तिथे कोळ्यासारखी हुशार, चिवट, उपयोगी आहे. हे वाचून स्पेनमधल्या बिल्बाओच्या ‘मामाँ’खाली उभं राहा. सुमारे नऊ मीटर उंचीचे ते पाय आणि डोक्यावर लटकणारी अंड्यांची जाळीदार पिशवी बघून भीती वाटते. ती त्या पुस्तकात नाही. लिखाणाने शिल्पाचा अर्थ बांधून टाकला असता, तर ही भीती उरलीच नसती.

आणि १९९४-९५ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, झोप न येणाऱ्या रात्रींत तिने केलेली ती २२० रेखाटनं? कितीतरी कागदांवर अक्षरं आणि रेघा शेजारीशेजारी आहेत. शिल्प घडवायचं म्हणून ती काढलेलीच नाहीत. स्वतःच्या रोजनिशींमध्ये ती चित्रांच्या रोजनिशीला सगळ्यात वर ठेवायची, लेखी आणि ध्वनिमुद्रित या दोन्हींच्या वर.