रॉबिन बर्लींचं नाव आधी घ्या

रोमन इतिहासातल्या कामासाठी कुणाचा सन्मान होतो तेव्हा बहुतेक वेळा नाव येतं ते लिपी वाचणाऱ्याचं नाहीतर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्याचं. त्यांचं काम मोठंच आहे, पण मला मनापासून वाटतं की चिखलात उभं राहून खणणाऱ्याचं नाव त्यांच्या आधी यायला हवं, आणि हे म्हणताना माझ्या डोळ्यासमोर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्लीच येतात.

उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीजवळ विंडोलँडा नावाचा रोमन किल्ला आहे. तिथे १९७३ साली बर्लींना ओल्या मातीत लाकडाच्या पातळ ढलप्या मिळाल्या, एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या कुणी कचरा म्हणून बाजूला टाकल्या असत्या, यांनी त्या उलगडल्या तर आत शाईचं बारीक अक्षर! आणि हवा लागल्यावर ती शाई बघता बघता पुसट झाली, मग इन्फ्रारेड फोटो काढले तेव्हा ती परत दिसली. रोमन लोकांनी जुने लाकडी किल्ले पाडून त्यावरच नवीन बांधले, त्यामुळे खालचा थर हवाबंद आणि पाण्याने भरलेला राहिला, म्हणून लाकूड एकोणीसशे वर्षं टिकलं. पण तो थर बघणारी नजर तर लागतेच ना.

त्यातून काय मिळालं बघा. सैनिकाला पाठवलेले मोजे आणि आतले कपडे, आणि क्लॉडिया सेव्हेरा या रोमन अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रीण सुल्पिसिया लेपिडिनाला स्वतःच्या ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावलेलं पत्र, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. सम्राट आणि लढाया सोडून साधी माणसं, तीही बायका, स्वतःच्या शब्दात बोलताना ऐकू येतात, हे केवढं मोठं आहे! ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस यांनी ही अक्षरं लावली, ते प्रचंड कष्टाचं काम होतं. २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या पुरातन ठेव्यांवर लोकांची मतं घेतली तर या लाकडी ढलप्याच पहिल्या आल्या. बर्ली २०१८ मध्ये गेले.

आपल्या कोल्हापूरचंच घ्या. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, रोमशी आपला व्यापार होता हे सांगताना आपण तिचं नाव अभिमानाने घेतो. पण १९४५-४६ ला ब्रह्मपुरीत उत्खनन करणाऱ्या सांकलिया आणि दीक्षितांची नावं किती जणांना माहीत आहेत? सांकलियांना निदान पद्मभूषण मिळालं. दीक्षितांबद्दल कोल्हापूरच्या शाळांमधून मुलांना सांगा, ब्रह्मपुरीवर दोघांच्या नावाचा मोठा फलक लावा, आणि खड्ड्यात उतरून घमेली उचलणाऱ्या मजुरांचाही त्यावर उल्लेख करा.