वाचून जॉब निघतोय व्हय?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा एकानं सुचवलं, पोरांनी नोकरीला लागण्याआधी थोडं वाचावं. टॉलरन्सची (मापात किती कमीजास्त चालतं त्याची) स्टँडर्ड, मेट्रॉलॉजी म्हणजे मापनशास्त्र, गेला बाजार ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपा. त्यावर जो धुरळा उडाला! "वाचून जॉब निघतोय व्हय?" (जॉब म्हणजे नोकरी नव्हे, मशीनवर करायचा भाग.) "म्हादबा मेस्त्रींनी (कोल्हापूरचे जुने नावाजलेले यंत्र-कारागीर) कुठलं पुस्तक वाचलं हुतं?" मी दोन ओळी लिहिल्या तर, "तुझं काय बाबा, तू जर्मनीत एसीत बसून सांगणार."

आमच्या शॉपला एसी नाही. जुलैत घाम निघतो. मापायची खोली तेवढी २० अंशांवर असते, कारण लांबीची मापं २० अंशांना धरायची, हे आयएसओच्या चक्क एक नंबरच्या स्टँडर्डमध्ये लिहिलंय. आता कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीचा मे महिना घ्या, शॉपमध्ये ३८ अंश. ॲल्युमिनियमच्या जॉबला १०० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक), टॉलरन्सचा दर्जा एच७, म्हणजे सगळी मिळून मुभा ३५ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). वरच्या १८ अंशांत बोअर ४१ मायक्रॉन फुगतो, ज्यावर गेज जुळवायचा ती स्टीलची सेटिंग रिंग २१. फरक वीसेक मायक्रॉनचा, तेवढा बोअर गेजवर मोठा दिसतो. अर्ध्याहून जास्त मुभा उन्हानंच खाल्ली. तिथं काठावर पास झालेला बोअर इथं थंड खोलीत लहान भरतो. मग ईमेलवरून भांडण, "त्यांचाच गेज खोटा."

हे पाच मिनिटांचं वाचन आहे हो! इथं आउसबिल्डुंगला, म्हणजे कारखान्यातल्या प्रशिक्षणाला, आलेलं सतरा वर्षांचं पोर टाबेलनबुख (तक्त्यांचं पुस्तक) उघडून लेथशेजारी उभं असतं, पानांवर कूलंटचे डाग. परीक्षेतही ते जवळ ठेवता येतं. अडलं की माइस्टरही (शॉपचा मुख्य कारागीर) त्यातच बघतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याकडं डेटा बुक परीक्षेपुरतं, निकाल लागला की ज्युनिअरला अर्ध्या किमतीत.

आणि हे आपल्या रक्तात नाही म्हणावं, तर किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा आणि १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. नांगर करणाऱ्या कारखान्याचं मासिक! तेही आपल्या सांगली जिल्ह्यात, स्टुटगार्टात नव्हे.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. गेल्या महिन्यात कँटीनमध्ये इथला एक सहकारी भारतातल्या कास्टिंगबद्दल (ओतकामाबद्दल) बोलता बोलता म्हणाला, तिकडं सगळं अंदाजपंचेच चालतं. मला झोंबलं. म्हटलं, आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा मोल्डर साच्याची वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून बघतो आणि ओल किती ते सांगतो; तुमच्या लॅबचा कागद येईस्तोवर त्याचे साचे भरून झालेले असतात. त्याला कुठलं पुस्तक लागत नाही! ग्रुपवरच्या त्याच टोळक्याचं वकीलपत्र घेऊन मी मोडक्या श्वेबिशमध्ये (इकडच्या बोलीत) तावातावानं भांडत होतो, आणि बरंही वाटत होतं. ग्रुपवर हे कळलं तर "आला बघ जाग्यावर" म्हणतील. तेवढं सुख त्यांना इतक्यात द्यायचं नाही.