‘गोळ्या अर्धवट सोडल्या तरच मुलाला एमडीआर टीबी होतो’ : खुलासा

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज सांगतो: मुलाने टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तरच एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग) होतो, आणि बीसीजी लस टोचलेल्याला धोकाच नाही. दोन्ही चूक. मीही तो आधी पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

लहान मुलांना हा टीबी बहुतेकदा घरातल्या मोठ्या माणसाकडून थेट लागतो. जंतू येतानाच औषधांना दाद न देणारे असतात. टीबीची एकही गोळी न घेतलेल्या मुलालाही तो होतो. पाच वर्षांखालची, कुपोषित आणि एचआयव्हीबाधित मुलं जास्त धोक्यात. बीसीजी मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बरंच वाचवते, पण संसर्ग हमखास रोखत नाही.

घरात एमडीआरचा रुग्ण असेल तर मूल ठणठणीत दिसलं तरी तपासून घ्या. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.